आयर्न मेडन नागपूरला काहून येत नाही?

भाचा बारावीत आहे. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, हा पोरगा काळाकुट्ट टी-शर्ट घालून फिरतो. टी-शर्टावर दात विचकणारा सांगाडा. आजी त्याला वेताळ म्हणते. खरं नाव एडी. आयर्न मेडन या इंग्लिश हेवी मेटल बँडचं ते बोधचिन्ह. परवा तर्री-पोह्याच्या ठेल्यावर त्यानं विचारलं, "मामा, हे लोक नागपूरला काहून येत नाहीत? आपण तं देशाच्या मधोमध आहो ना!"

मधोमध आहोत, खरंय. झिरो माइलचा खांब आपल्याकडे, श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा महामार्ग आपल्या गावाजवळून, आणि निम्म्या देशाचे ट्रक इथून वळण घेऊन जातात. तरी बँड येत नाही. पोह्याची दुसरी प्लेट संपेपर्यंत मी बोलत होतो, तरी उत्तर पुरं झालं नाही. म्हणून लिहायला बसलो.

बँडचा जागतिक दौरा समजून घ्यायचा तर लंडन-न्यूयॉर्क बाजूला ठेवा आणि वडशाला चला, म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी नाटकांच्या गावाला. माझं आजोळ ब्रह्मपुरीकडचं, त्यामुळे झाडीपट्टीची नाटकं लहानपणी पोटभर पाहिलीत. दिवाळी सरली की हंगाम सुरू, होळीपर्यंत चालतो. दिवसा शंकरपट (बैलांची शर्यत), रात्री नाटक. दुपारी कंपनीची गाडी गावात शिरते, मैदानात मंच उभा राहतो, पडदे लागतात, रात्रभर नाटक होतं आणि पहाटे डोळे चोळत सगळं पुन्हा गाडीत. दुसऱ्या रात्री दुसरं गाव. कंपनीला ठरलेली रक्कम गावातलं मंडळ देतं आणि तिकिटं मंडळच विकतं. गर्दी झाली तर मंडळ खूश. अवकाळी पाऊस आला तर बोंब मंडळाची, कंपनीची नव्हे.

मेटल बँडचा दौरा म्हणजे नेमकं हेच. कंपनीच्या जागी बँड, मंडळाच्या जागी प्रमोटर, आणि वडशात बसून तारखा लावणाऱ्या माणसाच्या जागी बुकिंग एजंट. फरक आकाराचा आहे. आकार वाढला की फक्त खर्च वाढत नाही, धंद्याचा स्वभावच बदलतो. गाणं दोन तासांचं असतं. उरलेले बावीस तास उतरवणं, जोडणं, सोडवणं, भरणं, नेणं. मला विचाराल तर हा वाहतुकीचा धंदा आहे आणि मधे दोन तास गिटार वाजते.

ट्रक भरतात कसा, तेवढं जवळून पाहू. मोठ्या कार्यक्रमात दिवे, स्पीकर, पडदे हे सगळं छताला लटकलेलं असतं. सकाळी पहिलं काम रिगरचं. तो वर चढतो, साखळ्या सोडतो, साखळीवर विजेच्या मोटरी लागतात. मोटरी ॲल्युमिनियमचे सांगाडे उचलतात, सांगाड्यांना दिवे आणि स्पीकर. हे सगळं वर गेल्यावर खाली ड्रम, गिटारचे ॲम्प्लिफायर, माइक मांडायचे. रात्री कार्यक्रम संपला की उलटा क्रम: आधी ड्रम-गिटार पेट्यांत, मग दिवे-स्पीकर खाली, मोटरी आणि साखळ्या सगळ्यांत शेवटी. जे सकाळी आधी चढलं ते रात्री शेवटी उतरतं. म्हणून ते ट्रकमध्येही शेवटी जातं, दाराशी राहतं, आणि पुढच्या गावात दार उघडताच पहिलं हाताला लागतं. कुणी हुशारी करून बसवलेला हा क्रम नाही, सामानच तो बसवून देतं. आपले मंडपवालेही पाइप असेच भरतात, त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

पेट्यांना चाकं असतात, प्रत्येक पेटीवर रंगीत पट्टी. हिरवी ध्वनीची, निळी दिव्यांची, असं काहीतरी ठरलेलं. गावोगावचे हमाल वेगळे, भाषा वेगळी. रंग सगळ्यांना कळतो.

मैदानात लोखंडी मंच लागत असेल तर आणखी एक युक्ती करावी लागते. तो मंच बांधायलाच दोन-तीन दिवस जातात आणि कार्यक्रम तर एक दिवसाआड. मग लोखंडाचे दोन-तीन संच ठेवतात. एकावर आज गाणं, दुसरा पुढच्या शहरात उभा राहतोय, तिसरा रस्त्यात. बेडूकउड्या. दिवे, आवाज, वाद्यं मात्र एकाच संचाची आणि ती बँडबरोबर रात्रीतून पळतात. युरोपात हे जमतं, कारण दोन मोठ्या शहरांमध्ये एका रात्रीचा रस्ता असतो आणि रात्रीपुरती झोपायची बर्थवाली बस मिळते. (ही बसही निर्धोक नव्हे. मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडचा बास वाजवणारा क्लिफ बर्टन 27 सप्टेंबर 1986 ला स्वीडनमध्ये अशाच बसच्या अपघातात गेला. वय 24.)

समुद्र आला की गणित बिघडतं. जहाजाचा कंटेनर स्वस्त, पण आठवडे खातो. विमानाचं भाडं किलोवर लागतं आणि ॲम्प्लिफायर हलके नसतात. यावर आयर्न मेडननं 2008 मध्ये जो उपाय काढला तो मला अजूनही कमाल वाटतो. त्यांनी एक बोइंग 757 भाड्यानं घेतलं, मागच्या खुर्च्या काढून तिथे सामानाची जागा केली आणि बँड, कामगार, वाद्यं एकाच विमानात घातली. नाव ठेवलं एड फोर्स वन. चालवायला कॅप्टन कोण? गायक ब्रूस डिकिन्सन. तो तेव्हा व्यावसायिक वैमानिकही होता. त्या दौऱ्याचा पहिला कार्यक्रम कुठे झाला माहितीये? 1 फेब्रुवारी 2008, मुंबई. तिथून ऑस्ट्रेलिया, जपान, मग अमेरिका खंड. पहिल्या टप्प्यात 45 दिवसांत 23 कार्यक्रम. सामान जहाजानं पाठवलं असतं तर त्यातले निम्मेही झाले नसते, कारण कंटेनर समुद्रात असताना माणसं हॉटेलात बसून पगार खातात.

2016 ला त्यांनी त्याहून मोठं 747 आणलं. मार्चमध्ये चिलीत सँटियागो विमानतळावर ते ओढून नेताना ताबा सुटला, ओढणाऱ्या गाडीला धडक बसली आणि दोन इंजिनं जायबंदी झाली. दौरा थांबला नाही. माणसं आणि सामान दुसऱ्या वाटेनं पुढे नेलं. एका विमानात सगळं घालण्याचा तोटाही त्या दिवशी कळला.

आता 2008 चा तो मार्ग नीट बघा: मुंबई, मग पर्थ. भारत हा अशा दौऱ्याचा मुक्काम फार क्वचित असतो, बहुतेक वेळा तो वाटेतला थांबा असतो. जून ते ऑगस्ट युरोपात उघड्यावरचे मोठे मेळे भरतात. जर्मनीतल्या वाकेन नावाच्या जेमतेम दोन हजार वस्तीच्या खेड्यात 1990 पासून मेटलची जत्रा भरते आणि ऐंशी हजारांवर माणूस येतो. त्या महिन्यांत आपल्याकडे पाऊस, मैदानात चिखल. (चिखल तिकडेही होतो, 2023 ला वाकेनवाल्यांना निम्म्या वाटेवरच्या लोकांना परत फिरा म्हणून सांगावं लागलं.) आपली हवा बरी असते नोव्हेंबर ते मार्च. तेव्हा हे बँड युरोपातून ऑस्ट्रेलिया-जपानला निघालेले असतात. आखातात एक कार्यक्रम, भारतात एक, जमलं तर सिंगापूर. मधल्या रिकाम्या तारखेत जे शहर बसेल ते. त्या शहराला मालवाहू विमान उतरवायची सोय हवी, शेकडो मोठ्या पेट्या रात्रीतून सोडवणारा कस्टम्स हवा आणि दुसऱ्या दिवशी बाहेर पडायची वाट हवी. मुंबई, दिल्ली, बेंगळुरू यांना ती आहे. आपल्या विमानतळावरून दोहा, शारजाला माणसं जातात. सामान मात्र मुंबईला उतरवून समृद्धीनं 701 किलोमीटर आणायचं म्हटलं तरी जाऊन-येऊन दोन-तीन दिवस गेले. त्या दिवसांत बँड पर्थला वाजवून मोकळा होतो.

कस्टम्सचा विषय निघाला म्हणून सांगतो. एवढं महागडं सामान देशात आलं तर आयातशुल्क लागायला हवं, पण ते तर चार दिवसांत परत जाणार. त्यासाठी एटीए कार्ने नावाचा कागद असतो, सामानाचा पासपोर्टच म्हणा. गिटारपासून वायरच्या वेटोळ्यापर्यंत प्रत्येक वस्तू यादीत, प्रत्येकीची किंमत समोर. जेवढं आत आलं तेवढंच बाहेर गेलं पाहिजे, आणि कागदाची मुदत फार तर वर्षभराची. आपल्याकडे या कागदाची हमी फिक्की ही उद्योगधंद्यांची संघटना घेते. गिटारचं एक पेडल हरवलं तरी बाहेर पडताना हिशोब द्यावा लागतो. कार्यक्रमानंतर रात्री अडीच वाजता यादी घेऊन पेट्या मोजणारा एक माणूस असतो. त्याचं नाव कुठल्याच पोस्टरवर नसतं.

पैशाचं बोलू. भाच्याला वाटत होतं की बँड येतो, तिकिटं विकतो, पैसे घेऊन जातो. तसं नाही. बँडला हमीची रक्कम ठरलेली असते आणि वर एक कलम: खर्च वजा जाता उरलेल्यातले, समजा 85 टक्के, हमीपेक्षा जास्त होत असतील तर तेवढे द्या. दोन्हींत जे मोठं ते बँडचं.

आकडे माझे, फक्त समजण्यापुरते. 5,900 रुपयांचं तिकीट घेतलं की त्यातले 900 जीएसटीचे, 18 टक्क्यांनी. प्रमोटरच्या हाती 5,000. अशी तिकिटं विकून 10 कोटी जमले. मैदान, मंच, जनरेटर, पोलीस बंदोबस्त, हॉटेलं, जाहिरात मिळून 5 कोटी गेले. उरले 5. त्याचे 85 टक्के म्हणजे सव्वाचार कोटी बँडला, 75 लाख प्रमोटरला. आता तिकिटं कमी खपली, 6 कोटीच आले. खर्च तोच. उरला 1 कोटी आणि बँडची हमी होती 3 कोटींची. प्रमोटरला खिशातून 2 कोटी. त्यात परदेशी कलाकाराच्या मानधनावर आपल्याकडे 20 टक्के कर कापावा लागतो, आणि करार "हातात 3 कोटी" असा असेल तर प्रमोटरला पावणेचार कोटी मोजावे लागतात, म्हणजे तोटा पावणेतीनचा. जमलं तर 75 लाख आणि फसलं तर पावणेतीन कोटी! कोण उडी मारेल? ज्याला गर्दीची खात्री आहे तोच. आणि ती खात्री दहा वर्षांत पंधरा मेटल कार्यक्रम पाहिलेल्या शहरात मिळते.

इथे आपल्या शहराबद्दल थोडं वाईट बोलतो, माफ करा. नागपूरकर गाण्याचा शौकीन आहे, यात वाद नाही. खासदार सांस्कृतिक महोत्सवाला ईश्वर देशमुख कॉलेजच्या मैदानात पाय ठेवायला जागा नसते. पण तो असतो मोफत. तिकिटाचा कार्यक्रम लागला की आपला पहिला प्रश्न: "पास आहे का बे?" मी स्वतः विचारलेला आहे. प्रमोटरच्या वहीत पासवाला प्रेक्षक म्हणजे शून्य.

बरं, कुणी उडी मारलीच आणि जामठ्याचं स्टेडियम घेतलं. पंचेचाळीसेक हजारांची क्षमता, वर्धा रोड, जागेला नाव ठेवायला जागा नाही. मग बँडकडून येतो रायडर. म्हणजे अटींचं बाड: मंच किती लांब-रुंद, छतानं किती टन पेलायचं, किती किलोवॅटचे जनरेटर, कामाला किती माणसं. लोकांना त्यातल्या खाण्यापिण्याच्या मागण्यांचे किस्से माहीत असतात, पण नव्वद टक्के बाड असतं वीज आणि वजनाचं. शहरातल्या एका साउंडवाल्या मित्राला मी एका बँडचा असा जुना रायडर दाखवला. गणपती, लग्नं, सभा, सगळं केलेला माणूस. तो पानं उलटत गेला. जनरेटर? "आहेत." स्पीकर? "मुंबईहून आणू." मंचासमोरचा कठडा? "बल्ल्या लावू ना बे, काय त्यात!"

त्यातच सगळं आहे. सभेत लोक बसतात, लग्नात जेवतात, मेटलमध्ये लोक ढकलतात. मागचे दहा हजार पुढच्या दोनशेंवर रेलतात. जमिनीत ठोकलेली बल्ली तो जोर किती वेळ घेणार? म्हणून मेटलच्या कार्यक्रमात कठडा वेगळा असतो. लोखंडी उभी जाळी, मागून तिरका आधार, आणि पुढे प्रेक्षकांच्या बाजूला जमिनीवर पसरलेला जाड पत्रा. लोक त्या पत्र्यावरच उभे राहतात. जाळी मागे पाडायची तर तो पत्रा उचलला गेला पाहिजे, आणि त्यावर लोकांचंच वजन. जे ढकलतात तेच तिला धरून ठेवतात. कठडा आणि मंच यांच्यामध्ये मोकळी गल्ली, तिथून गुदमरलेल्या पोरांना वर खेचून काढतात. 28 ऑक्टोबर 2011 ला गुडगावमध्ये मेटॅलिकाचा कार्यक्रम व्हायचा होता. समोरच्या कठड्याच्या सुरक्षेवरून अडला, वेळ लांबली, शेवटी रद्द झाला आणि चिडलेल्या लोकांनी मंचाची मोडतोड केली. दोनच दिवसांनी बेंगळुरूत तोच बँड व्यवस्थित वाजवून गेला.

आवाजाचंही असंच. जामठ्याला मंचापासून शंभर मीटरवर उभं राहिलात तर ढोलाचा ठोका कानावर यायला जवळपास 0.29 सेकंद लागतात, कारण आवाज सेकंदाला साधारण 345 मीटर चालतो. मागच्यांना ऐकू यावं म्हणून मधे खांबांवर स्पीकर लावतात. पण वायरमधून विजेचा सिग्नल क्षणात पोचतो, म्हणजे खांबावरचा स्पीकर आधी बोलणार आणि मंचाचा आवाज मागून येणार. भावगीताला एक वेळ चालून जाईल. मेटलचा ड्रमर दोन्ही पायांनी सेकंदाला तेरा-तेरा ठोके मारतो. 0.29 सेकंदात जवळपास चार ठोके. ते एकमेकांवर चढले की ऐकणाऱ्याला फक्त गुरगुर येते. म्हणून खांबावरचा स्पीकर मुद्दाम तेवढाच उशिरा बोलायला लावतात. त्यात गरम हवेत आवाज जरा जोरात धावतो. दुपारी लावलेलं माप ऊन उतरल्यावर पुन्हा लावावं लागतं. "मेटल म्हणजे नुसता गोंगाट" म्हणणाऱ्या काकांना हे ऐकवायला मला आवडतं.

वेळेचं तर तुम्हाला गणेशोत्सवामुळे पाठ आहे: रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. वर्षातल्या मोजक्या दिवशी सरकार बारापर्यंत सूट देतं, एरवी नाही. त्यामुळे भारतात हे बँड चक्क वेळेवर सुरू होतात. आठ म्हणजे आठ. गाण्यांची यादीही बहुधा रोज तीच, कारण दिवे, पडद्यावरची चित्रं आणि ज्वाळा गाण्याच्या सेकंदाला बांधलेल्या असतात. त्यात चूक महाग पडते. मेटॅलिकाचा जेम्स हेटफील्ड 8 ऑगस्ट 1992 ला माँट्रियलमध्ये मंचावरच्या ज्वाळेत भाजला, कारण ती कुठून निघणार याचा त्या रात्री गोंधळ झाला होता.

"मंग आपलं कोणी तिकडं जाते का?" भाच्याचा पुढचा प्रश्न. जातात. दिल्लीचा ब्लडीवुड हा बँड मेटलमध्ये ढोल घालतो. 2019 ला तो वाकेनच्या जत्रेत वाजवून आला. लहान बँडचा दौरा निराळा असतो. एक व्हॅन, त्यात माणसं आणि वाद्यं, ॲम्प्लिफायर तिथलेच भाड्यानं, आणि रोजचा डिझेलचा खर्च बऱ्याचदा टी-शर्ट विकून निघतो. गाणी ऑनलाइन ऐकली जातात त्याचे पैसे चणे-फुटाण्याचे. त्यामुळे भाच्यानं घातलेला तो काळा टी-शर्ट खरा असेल तर बँडच्या दृष्टीनं त्याची किंमत हजार वेळा ऐकलेल्या गाण्यापेक्षा जास्त. त्याचा सीताबर्डीच्या फुटपाथवरचा निघाला. ते असो.

मी स्वतः आयर्न मेडनला पाहिलं ते 17 मार्च 2007 ला, बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर. इंजिनीयरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. चौघं जण संघमित्रा एक्स्प्रेसनं गेलो, दोन बर्थवर चौघं. गाणी आठवतात, एडी आठवतो. पण सगळ्यांत स्पष्ट आठवतं ते नंतरचं. गर्दी फुटायची वाट बघत आम्ही कुंपणाशी टेकून उभे होतो आणि ज्या मंचावर जरा वेळापूर्वी ती सगळी आग होती, तिथे हेल्मेट घातलेली माणसं शांतपणे वायरी गुंडाळत होती. कुणी ओरडत नव्हतं, धावत नव्हतं. पेट्या उतरणीवरून एकामागून एक खाली येत होत्या.

भाच्याला सांगितलंय, बारावीनंतर बेंगळुरू किंवा मुंबई, मी तिकीट काढून देतो. पास नाही, तिकीट. एकच अट: कार्यक्रम संपला की ऑटोसाठी धावायचं नाही. कुंपणाशी उभं राहायचं आणि ट्रकमध्ये शेवटची पेटी कुठली जाते ते बघून मला फोन करायचा.

"साखळीवाली," तो लगेच म्हणाला.

"तरी बघ."